भुवईमागचं दुखणं

३ मे २०२४
डोकं! उजव्या भुवईमागं, तिथंच, सहा वर्षं झाली. कारखान्यावरून येऊन आठ दिवस झाले, तरी उसाची मोळी अजून डोक्यावरच आहे असं वाटतं. वाकलं की कपाळ फुटतं. अन् न वाकता ऊस कसा तोडायचा?

१९ मे
सासूबाई अन् हे तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाला, "गर्भपिशवीला सूज आहे, डोकं त्यानंच दुखतं. काढून टाका, कटकट मिटेल." मी म्हणाले, मला अजून एक लेकरू हवंय. सासूबाई म्हणाल्या, "माझी काढली, शेजारच्या लंकाबाईची काढली. काय बिघडलं?" हे बाहेर आल्यावर बोलले — "तू अशी डोकं धरून बसलीस तर ऊसतोडीची जोडी मोडंल. मुकादम एकट्याला नेत न्हाई."
मी रात्री जेवले नाही.

२ जून
काढली. मला सव्विसावं चालू आहे.

२१ जुलै
पुन्हा तेच. तीच भुवई. सासूबाई म्हणतात, दम धर. किती धरू? आता काढायला तरी काय उरलंय माझ्यात?

९ ऑगस्ट
निकिताचा कान वाहतोय म्हणून तिला घेऊन नगरला गेले, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं. पोरीचं औषध लिहिता लिहिता ते माझ्याकडंच बघायला लागले. "तोंडानं श्वास का घेता? डोकं दुखतं का?"
नाकात दुर्बीण घालून बघितलं. मधला पडदा वाकडा आहे म्हणे, त्याचं हाड आत टोचतं. औषधाचा कापूस नाकात ठेवला. दहा मिनिटांत भुवई मोकळी झाली. सहा वर्षांनी!
"याआधी काही इलाज?" मी पिशवीचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "डोक्यासाठी पिशवी?"
मी तिथंच रडायला लागले. निकिताला वाटलं, कापूस टोचतोय.

१४ सप्टेंबर
नाकाचं ऑपरेशन झालं. माहेरी आहे, आराम सांगितलाय. काल वाकून अंगण झाडलं, काही झालं नाही. आई खूश आहे. मला काही वाटत नाही. पिशवी काढायच्या कागदावर सही मीच केली होती ना.

२ ऑक्टोबर
आज सासरी आले. सुकन्या, माझी धाकटी जाऊ, खाटेवर पडलेली. बावीस वर्षांची, एक लेकरू अंगावर. परवा तिची पिशवी काढली. का गं, म्हणाले. म्हणाली, "अक्का, माझं बी डोकं लई दुखायचं. पिशवी काढून तुमचं थांबलं म्हनून म्या व्हय म्हनले."