निडीचा पाट

पेण, ६ जानेवारी २०२५

ती. स्व. माधवदादास,
मालतीचा साष्टांग नमस्कार. फोनवर मला तुझं निम्मंच ऐकू येतं आणि तेवढ्यातही तू रागावतोस, म्हणून पत्र.

परवा निडीची सरू आली होती. मी तिथल्या शाळेत असतानाची माझी विद्यार्थिनी. वालाच्या शेंगांची पिशवी ठेवली आणि रडायलाच लागली. तुमच्या त्या संगणकावरच्या गावकोशात ज्याने त्याने आपल्या गावावर लेख लिहावा, असं तू सांगत असतोस, म्हणून मीच तिला लिहायला बसवलं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी गावात आणणारा पाट तिच्या वडिलांनी, सखाभाऊंनी, आणि आई मैनाने तीन उन्हाळे खपून खोदला, असं तिने लिहिलं. तुझा हात फिरल्यावर उरलं ते असं: ‘ग्रामस्थांच्या श्रमदानातून पाट तयार झाला.’

सरूने ते वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, शिकलेली मानसं उगाच लिवनार नाय गो, माझंच काय तरी चुकत असंल. मैना जाऊन दोन वर्षं झाली, आता विचारणार कोणाला? तेव्हापासून ते पाटाकडे फिरकलेले नाहीत.

तेवढी दोन नावं परत घाल. वहिनी म्हणते, तू घरातल्या डब्यांनाही एकसारख्या चिठ्ठ्या लावल्यास. डब्यांचं ठीक आहे रे.

तुझा लोभ माझ्या रागाला पुरून उरो.
मालती


वरसे, रोहा, ११ जानेवारी

चि. मालतीस,
अनेक आशीर्वाद. शेंगा एकटीने संपवल्यास, हे लक्षात ठेवीन.

त्रेसष्ट गावांचे लेख मी एका साच्यात बसवले आहेत. आधी ठिकाण, मग लोकसंख्या, शेती, पाणी, देवळं. कोणी आपल्या आजोबांना थोर लिहितो, कोणी चुलत्याला. म्हणून नियम केला की छापील संदर्भ असल्याशिवाय माणसाचं नाव घालायचं नाही. सरूवर माझा राग नाही. पण मुलगी बापाबद्दल लिहिते तेव्हा सावध राहावं लागतं.

शिवाय निडीच्या पाटाला छापील संदर्भ आहे. चौऱ्याहत्तर सालची तालुक्याची स्मरणिका. तीत श्रमदान असं स्वच्छ लिहिलं आहे. लेखाखाली मी तो दिलाही आहे. सखाभाऊंना वाईट वाटलं याचं मलाही वाईट वाटतं, पण एकाला सूट दिली तर बासष्ट जण दारात येतील.

गुडघ्याला तेल लावतेस ना? माया आहे तशीच ठेव.
दादा


पेण, १६ जानेवारी

ती. स्व. माधवदादास,
साष्टांग नमस्कार. सरूने लेखच काढून टाकायला सांगितलं आहे. मला तिच्याकडे बघवेना. लिहायला मी बसवलं होतं तिला.

एवढंच विचारते. ती स्मरणिका तू हल्ली उघडून पाहिलीस, की आठवणीवर संदर्भ दिलास? निडीला जाऊन कोणी चौकशी केली होती, तेवढं बघ. मग तुझा नियम मला मान्य.

पत्र आलं नाही तरी लोभ गृहीत धरते.
मालती


वरसे, २ फेब्रुवारी

चि. मालतीस,
आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही, तरी लिहितो.

स्मरणिका माळ्यावर सापडली. पान एकवीस. अकरा गावं, अकरा परिच्छेद, आणि प्रत्येकात तेच वाक्य: ‘ग्रामस्थांच्या श्रमदानातून तयार झाला.’ कुठे पाट, कुठे विहीर, कुठे रस्ता, एवढाच फरक. खाली लिहिणाऱ्याचं नाव माझं.

चोवीस वर्षांचा होतो, शाळेत नुकताच लागलो होतो. अक्षर चांगलं म्हणून स्मरणिकेतल्या या अहवालाचं काम माझ्याकडे आलं. दोन दिवसांत हवा होता, सगळ्या गावांचा एकसारखा. मी अकरापैकी एकाही गावी गेलो नाही. रोह्यातच टेबलाशी बसून एक वाक्य केलं आणि अकरा वेळा उतरवलं. पन्नास वर्षांनी त्याच वाक्याच्या आधाराने एका म्हाताऱ्याला खोटं पाडलं. तुला पत्रात स्वच्छ लिहिलं आहे म्हणालो, ते आठवलं की कान तापतात.

काल निडीला गेलो. सखाभाऊ ओटीवर वाल सोलत होते. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, हाकलतील. ते काठी घेऊन निघाले. सरूही मागून आली. पाटाच्या वळणावर एका खडकापाशी थांबले. म्हणाले, हा फुटंना तवा मैना पहारीवर उभी ऱ्हायली व्हती, सरू पोटात. मी ते तिथेच वहीत लिहून घेतलं. सरूने वही मागून घेतली, वाचली आणि परत दिली. लेख राहू दे म्हणाली. दोघांची नावं घातली आहेत. संदर्भाच्या जागी लिहिलं आहे: प्रत्यक्ष भेट, आणि माझा जुना अहवाल चुकीचा होता.

निघताना वाटलं, ओझं थोडं उतरलं. तेवढ्यात सखाभाऊंनी सहज विचारलं, मास्तर, बाकीच्या धा गावांत कोन व्हतं?

उद्या त्या दहांपैकी खांब गावी जातो आहे. तिथली विहीर कोणी खणली हे सांगणारं कोणी उरलं असेल का, माहीत नाही.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र लिहीत जा.
दादा