आपोआप आलेला झटका

धारूर,
९ फेब्रुवारी २०२५

चि. विजू,

अनेक आशीर्वाद. तुझ्या नावाआधी डॉक्टर आणि नंतर तीन पदव्या. मधे कुठे जागा उरली असेल तिथे हे आशीर्वाद ठेव.

इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे. नववीच्या सत्तावीस मुलांनी संस्कृत घेतलंय, गुण भरपूर पडतात म्हणून. माझ्यावरच्या प्रेमानं नव्हे. फोन सोडून कागद खर्च करतोय, कारण माझा फोन तुझी वहिनीही उघडते. उत्तर शाळेच्या पत्त्यावरच पाठव.

तुझा संमतीचा कागद मिळाला. जूनमध्ये परदेशातल्या परिषदेत तुला सुकन्याची हैदराबादला काढलेली चित्रफीत दाखवायची आहे. खाली ओळ छापली आहे: झटका कोणत्याही कारणाशिवाय, आपोआप आला. त्याखाली बापाच्या सहीची जागा.

पेशीच्या भिंतीत पंप असतो, तो सोडियम बाहेर फेकतो, पोटॅशियम आत घेतो. आपल्या पोरीचा तो जन्मापासून बिघडलेला, म्हणून कधी डावं, कधी उजवं अंग लुळं पडतं आणि झोप झाली की परत येतं. हे तू पहिल्यांदा समजावलंस तेव्हा विमल म्हणाली होती, "वन्सं, धारूरात पंप बंद पडायचं काय कौतुक? लाईट कवा येनार ते सांगा." तू किती हसली होतीस! अकरा वर्षांत आजाराला नाव देणारी तू पहिली. विमलनं त्या दिवशी तुझी दृष्ट काढली होती.

आता ती तुझं नाव घेत नाही. भाऊबीजेला तुला बोलावलं नाही. तू विचारलंस, 'दादा, हैदराबादच्या हॉलमधला एसी मी आधीच बंद करायला हवा होता ना?' पाच महिन्यांत चौथ्यांदा विचारलंस. मी चारही वेळा दुसऱ्याच विषयावर लिहिलं.

तुला अपंगांच्या दाखल्याचं शिबिर माहीत नाही. मी सुकन्याला तीनदा नेलं. तिन्ही वेळा पोरगी त्या दिवशी ठणठणीत. तिसऱ्यांदा तर ती टेबलाभोवती धावली. तपासणारा साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "गुरुजी, पोरगी पळती की! शिकवता संस्कृत आन् धंदे हे?" रांगेतली माणसं हसली. लंगडी, आंधळी, सगळी हसली. मी पोरांना शिकवतो की प्रत्यक्षासारखं प्रमाण नाही. त्या दिवशी प्रत्यक्ष माझ्या विरुद्ध साक्ष देऊन गेलं.

मग तुझी हैदराबादची परिषद. शंभर विद्वान, पाच लेकरं, प्रत्येकाला मंचावर वीस मिनिटं. तिथे जे दिसेल त्यावरून नव्या औषधाच्या चाचणीला लेकरं निवडणार, असं मी धरून चाललो होतो. जीपवाल्या जावेदनं परळी स्टेशनला सोडताना सुकन्याला विचारलं, "काय बेटा, बरी हायस ना?" ती म्हणाली, "लई बरी." खरंच होतं. नऊ दिवस झटका नव्हता. तिच्या आयुष्यातला सगळ्यात लांब चांगला काळ, आणि मी गाडीत बसून तो मोजत होतो, चिडून.

परिषदेच्या सकाळी विमल हॉटेलात खाली चहाला गेली. मी सुकन्याला न्हाणीघरात नेलं. पाण्यानं तिला झटका येतो हे आपल्याला माहीत होतं. विमल तिला कोमट कपड्यानंच पुसते. मी थंड पाण्याचा जार नेला होता. ती म्हणाली, "बाबा, गार हाय." मी म्हणालो, "एवढं एकदाच." ती म्हणाली, "बाबा, नगं." मी दुसरा तांब्या ओतला.

मंचावर तिचा डावा हात पडला, मग मान, मग सगळंच. शंभर माणसं पुढे वाकली. मला आनंद झाला, विजू. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा लिहिलं.

नंतर तुमचे ते पांढऱ्या दाढीचे पाहुणे माझ्याजवळ आले. त्यांचं बोलणं तूच मराठीत सांगितलंस: झटका दिसला नसता तरी चाललं असतं, रक्ताची तपासणी पुरेशी होती, तिचं नाव औषधाच्या यादीत आदल्या दिवशीच घातलं होतं.

ती झोपली, उठली, पण यावेळी अंग परत आलं नाही. बाराव्या दिवशी उजवा हात आला. वाचा आलीच नाही. विमलनं तुला फोनवर सुनावलं, "तुमच्या त्या गार हॉलनं माझं लेकरू खाल्लं," तेव्हा मी शेजारी उभा होतो. शेंगा सोलत होतो.

आता मी पाण्याचा पेला घेऊन जवळ गेलो की ती तो एकुलता हात तोंडावर आडवा धरते. विमल म्हणते, "तुमच्या हातचं का पीत न्हाई कुणास ठाऊक." सुकन्याला ठाऊक आहे. तिला सांगता येत नाही. आणि एकदा, एकदाच, माझ्या मनात येऊन गेलं की बरं झालं.

कागद सोबत आहे. 'आपोआप' असलेली ओळ मी खोडली आहे आणि जे केलं ते तिथे लिहून सही केली आहे. तुझ्या परिषदेत वाचून दाखव, मोठ्यानं. पुन्हा कुठला बाप असं करू नये म्हणून नावासकट सांगितलंस तरी चालेल.

विमलला मात्र सांगू नकोस. तिला कुणाचा तरी राग धरायचा आहे, आणि तू दूर राहतेस. मला रोज तिच्या हातचं जेवायचं असतं. दिवाळीला तुला यंदाही बोलावणं येणार नाही.

तुझ्याआड उभा राहिलेला आणि तिथून न हलणारा,
आदिनाथदादा