तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर

पश्चिम जर्मनी
ता. १५ नोव्हेंबर १९५९

तीर्थरूप बाबांस आनंदीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र आणि आईची कुळथाची पिठी एकाच आठवड्यात पोचली. कस्टमच्या माणसाने पुडके फोडून हुंगले आणि हे औषध आहे का म्हणून विचारले. मी हो म्हणून टाकले. इथली थंडी पाहता ते अगदीच खोटे नाही.

मी इथे नेमके काय करते, असे तुम्ही दर पत्रात विचारता. ज्या गावात मी राहते तिथे पंचवीस वर्षांपूर्वी सहा ज्यू कुटुंबे होती. आज एकही नाही. हिटलरच्या माणसांनी त्यांना आगगाडीत कोंबून मारायला नेले, हे पुस्तकांत आले आहे. मला त्याच्या आधीची वर्षे हवी आहेत. शेजारी त्यांच्याशी बोलायचे कसे थांबले, पाव द्यायचे कसे थांबले. म्हणून मी घरोघर जाते आणि सगळ्यांना तेच तीन प्रश्न विचारते. पहिला नकार कोणी दिला? तुम्ही तेव्हा कुठे होता आणि काय पाहिलेत? आणि तुमच्यातल्या एकाने जरी उघडपणे 'नाही' म्हटले असते, तर काय झाले असते?

कोणी उत्तर देत नाही. इथल्या म्हाताऱ्या पाववाल्याने तर तीनदा तोंडावर दार लावले. माझे प्राध्यापक म्हणतात, हा विषय सोडा, कोकणच्या जुन्या बंदरांवर लिहा, शिष्यवृत्ती वाढवून मिळेल. माझे मन ठरले आहे. तरी तुमचे मत कळवावे, म्हणजे तुमचे ऐकले असे मला म्हणता येईल.

आईला नमस्कार. तुमचा लोभ पिठीसारखाच पुरवठ्याला येत राहो.

आपली आज्ञाधारक,
आनंदी

पोस्ट कट्टा, ता. मालवण
ता. १० जानेवारी १९६०

चि. आनंदी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

आज्ञाधारक हा शब्द वाचून तुझी आई आणि मी पोटभर हसलो. विषय सोडायचा नाही. दार लावले म्हणून परबांची मुलगी मागे फिरली असे होता कामा नये. चौथ्यांदा जा. ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांनी बोललेच पाहिजे, आणि न बोलणाऱ्याला बोलते करणे हीच तुझी विद्या. बंदरांवर लिहिणारे पुष्कळ मिळतील.

इकडे कलमांना मोहर बरा आहे. गावात एक वाईट गोष्ट झाली. भिकाजीला गावकीने वाळीत टाकले. देवळाकडे जाणाऱ्या वाटेच्या वादाचा निकाल आम्ही मानकऱ्यांनी दिला होता, तो न मानता तो मालवणला कोर्टात गेला. असे प्रत्येकजण करू लागला तर गाव राहील कशाला? मानाचा नारळ माझ्या हातात, म्हणून शब्द मलाच द्यावा लागला. आता त्याच्याकडे न्हावी जात नाही, वाणी माल देत नाही, विहीर बंद. भिकाजीच्या बायकोवरून तुझी आई फुरंगटली आहे. म्हणते, शेवंतीक विस्तव देवचो नाय म्हणतास, मगे माजी चूल तरी कित्याक पेटवू? पण पेटवते, आणि मीही जेवतो.

थंडीत डोक्याला तेल लाव, असे तिने तीनदा सांगितले आहे. इकडचा लोभ आहे तसाच आहे.

तुझा,
बाबा

पश्चिम जर्मनी
ता. २ फेब्रुवारी १९६०

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा वाटले, मी माझीच टिपणे वाचते आहे.

भिकाजीकाकांनी मला खाडीपलीकडच्या शाळेत स्वतःच्या होडीतून पोचवले. पावसात आपले इरले माझ्यावर धरून स्वतः भिजत वल्हवायचे. त्यांच्या दारात आता न्हावी जात नाही, आणि तो शब्द तुमच्या तोंडचा.

रागावण्याआधी पुढचे वाचा. आपली वाडी आणि हे गाव एक, असे मी म्हणत नाही. आपल्याकडे कोणी कोणाला मारायला नेणार नाही, आणि जे मारले गेले त्यांचे दुःख हलके करायचा मला अधिकार नाही. पण त्या गोष्टीचे पहिले पान मी रोज वाचते. त्यावर खाटीक नाहीत बाबा. त्यावर न्हावी आहे, वाणी आहे, आणि चर्चच्या कारभारात मान असलेला, घरी मुलीचे लाड करणारा एक पाववाला आहे.

जे वडिलांना विचारायचे धैर्य नाही, ते परक्या म्हाताऱ्याला विचारायला मी कोणत्या तोंडाने जाऊ? म्हणून तेच तीन प्रश्न आता तुम्हाला विचारते. पहिला नकार कोणी दिला? तुम्ही कुठे होता आणि काय पाहिलेत? एकाने 'नाही' म्हटले असते तर काय झाले असते?

चौथ्यांदा जा, असे तुम्हीच लिहिले आहे. तुमच्यावरची माया कमी झालेली नाही, म्हणूनच एवढे लिहिले.

तुमची,
आनंदी

पश्चिम जर्मनी
ता. २० मे १९६०

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

बापाला पाववाल्याच्या पंगतीला बसवणाऱ्या मुलीस उत्तर देण्याचे कारण नाही, हे तुमचे एका ओळीचे कार्ड मिळाले. त्यानंतर काही नाही. माझी दोन पत्रे तशीच पडली असतील.

दार लावणाऱ्यांची मला आता सवय झाली आहे. प्रश्न विचारल्यापासूनचे हे चौथे पत्र. उत्तर आले नाही तर पाचवे पाठवीन. शिष्यवृत्ती पुढे मिळेल की नाही कळत नाही, पण पोस्टाच्या तिकिटांपुरते पैसे राखून ठेवले आहेत.

आईला सांगा, तेल लावते. तुमच्या रागातही माझी जागा आहे असे धरून चालते.

आनंदी

पोस्ट कट्टा
ता. १० सप्टेंबर १९६०

चि. आनंदी हिस आशीर्वाद.

तुझी सगळी पत्रे वाचली आहेत. उत्तर देतो.

पहिला नकार मी दिला. मला कोणी सांगितले नव्हते. मी देवळात नारळ घेऊन बोललो आणि सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले. भिकाजीने कोर्टात जायला नको होते, असे मला आजही वाटते.

दुसरा प्रश्न. श्रावणात भिकाजीची आई, हौसाबाई गेली. पाऊस कोसळत होता. खांद्याला चौघे लागतात. घरात भिकाजी आणि त्याचा मुलगा बाळा, दोघेच. मी पडवीत उभा होतो. धोंडू आपल्या दारात, गणपत आपल्या दारात. कोणी पायरी उतरेना. सगळे माझ्याकडे बघत होते. मी नुसती मान हलवली असती तरी वाडी धावली असती. मी जमिनीकडे बघत राहिलो. मग बापलेकांनी म्हातारीला होडीत घातले, तुला शाळेत नेणाऱ्या त्याच होडीत, आणि खाडीतून मसणवटीकडे नेले. शेवंती काठावर एकटीच भिजत उभी होती. एवढे मी पाहिले. हौसाबाई काही कोर्टात गेली नव्हती.

त्या दिवसापासून तुझी आई मला जेवायला वाढते, पण बोलत नाही. मला फार लाज वाटते, आनंदी. बापाने मुलीला असे लिहू नये, पण लिहिले.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नाही. दसऱ्याला देवळात गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणे मलाच घालायचे आहे. तेव्हा कळेल.

लोभ ठेवायचा की नाही, हे या वेळी तुझ्यावर सोपवतो.

बाबा

पश्चिम जर्मनी
ता. २२ सप्टेंबर १९६०

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र हाती पडले तेव्हा रडले, मग तोंड धुऊन ते पाववाल्याकडे घेऊन गेले. तुम्हाला न विचारता नेले, त्याबद्दल रागवा. दारातच उभी राहून त्याच्या भाषेत वाचून दाखवले. वाचून होईपर्यंत त्याने दार लावले नाही. मग आत बोलावले, खुर्ची दिली. शेवटी एवढेच विचारले की दसऱ्याला काय झाले. अजून दसरा यायचा आहे, म्हटले. तर म्हणाला, झाला की ये, मग मी माझे सांगतो.

प्राध्यापकांना आजच कळवले की विषय बदलणार नाही. शिष्यवृत्ती थांबली तर मुंबईला परत येऊन प्रबंध तिथे पुरा करीन, आणि कॉलेजात हेच शिकवीन. तुमचे उत्तर त्यात घालायची परवानगी द्या. नावे बदलीन.

लोभ माझ्यावर सोपवलात, तो मी घट्ट धरला आहे.

तुमची,
आनंदी

पोस्ट कट्टा
ता. १२ ऑक्टोबर १९६०

चि. आनंदी हिस अनेक आशीर्वाद.

दसरा झाला. देवळात गाव भरला होता. भिकाजी, शेवंती आणि बाळा बाहेर पिंपळाखाली उभी होती, आत यायची सोय नव्हती. मी नारळ घेऊन गाऱ्हाणे सुरू केले. पीकपाण्याचे मागितले, मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणाली. मुंबईतल्या पोरांचे मागितले, पुन्हा म्हणाली. मग मी म्हटले, बा देवा म्हाराजा, भिकाजीच्या घराक मिया वाळीत टाकलय ती माजी चूक, ती पदरात घे, आणि त्या घराचा बरा कर.

देवळात चिडीचूप. साठ वर्षांत त्या देवळात मला कधी एकटे वाटले नव्हते. मग मागून, बायकांतून, तुझ्या आईचा आवाज आला, व्हय म्हाराजा. बाईने तिथे हुंकार देण्याची रीत नाही, तुला माहीत आहे. तिच्यामागून धोंडू म्हणाला. बाकी कोणी नाही.

तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. थोडे आहे, पण तसेच लिही, वाढवून लिहू नकोस. त्या पाववाल्यालाही तसेच सांग. आणि माझे नाव बदलायचे नाही. हरिश्चंद्र परब असेच घाल.

मान माझ्याकडून काढून गणपतला दिला. आमच्या घराची वाट आता लोक टाळतात. तुझी आई मात्र बोलू लागली आहे, आणि दोन महिन्यांचे साठलेले असल्यामुळे थांबत नाही. भिकाजी अजून माझ्याशी धड बोलत नाही, ते बरोबरच आहे. कोर्टातला दावाही त्याने सोडलेला नाही, सोड असे मी म्हणणार नाही.

उद्यापासून त्याच्या भाताची कापणी आहे. मजूर कोणी येणार नाही. ती तिघे, धोंडू आणि आम्ही दोघे म्हातारे आहोत. बाकीचे बांधावर उभे राहून बघतील. बघू देत. पुढे कोणी विचारायला आले, तर काय पाहिले ते त्यांना सांगता येईल.

विळे धार लावून ठेवले आहेत, म्हणून आता पुरे करतो. तुझ्यावरचा लोभ तुझ्या प्रश्नांसकट आहे.

तुझा,
बाबा