पुढचं आपोआप

सोमवार, ३

म्हणे वेग वाढलाय! मग काम संपत का नाही? संध्याकाळी सहाला काम आटपून उठणारी पोरगी आता रात्रीचे नऊ वाजले तरी खुर्चीतच. कंपनीने नवा एडिटर दिलाय — ती ज्यात प्रोग्राम लिहिते ना, ते. "आई, ह्याने तिप्पट काम होतं." होतं तर ऊठ की! कपडे मी एकटीनेच वाळत घालायचे का?

आधी बोटांचा नुसता कडकडाट असायचा घरात. डोकं उठायचं माझं. आता फक्त — टक. मग गप्प. मग परत टक.

बुधवार, ५

आज तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. तिने दोन-चार अक्षरं मारली की पुढची ओळ आपली आपण उमटते, फिक्या राखाडी रंगात. एक बटण दाबलं की पक्की.

"पण हे तुझ्या मनात होतं का?" विचारलं.

बटण दाबलं तिने. "असणारच ना," म्हणाली.

तिचे साहेब फार खूश आहेत म्हणे.

शनिवार, ८

जेवताना म्हणाली, "आई, मला जरा..." आणि थांबली. माझ्याकडे बघत. मी म्हटलं, "मीठ?" — "हो." मीठ बरोबर होतं, मी चाखलं होतं! तरी घालून घेतलं. तोंड वाकडं न करता खाल्लं.

ह्यांना सांगितलं तर हसले. "तुझी तर चंगळ! लोकांची वाक्यं तोडायला आता परवानगीही नको."

मेलं हसू सुचतं ह्यांना.

मंगळवार, ११

आता दर वेळी अर्धंच बोलते. टेबलाच्या कडेवर बोट ठेवून थांबते, डोळे माझ्या ओठांवर. मी शब्द टाकला की बोट खाली दाबते. "बोल ना गं पुढे!" ओरडलेच आज. गोड हसली. वाट बघत राहिली.

गुरुवार, १३

परवा रविवारी... नाही, तेरवा. मुलाकडचे लग्नाचा होकार घ्यायला येणार. मुलगा तिच्याच ऑफिसातला. सकाळी विचारलं, तुझ्या मनात काय आहे?

"आई, तो मला..."

"आवडतो," मी म्हटलं.

"हो. आवडतो."

संध्याकाळी पुन्हा विचारलं. "तो मला..." — "आवडत नाही," मी म्हटलं. मुद्दामच.

"हो. आवडत नाही."

तोच चेहरा! तोच आवाज! मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. ह्यांना हुंदका ऐकू जायला नको.

शुक्रवार, १४

एडिटर बंद करायला लावला. दुपारभर कोऱ्या पडद्यासमोर बसली. एक अक्षर नाही. साहेबांचा फोन आला — "तब्येत बरी नाही का? काम थांबलंय." तिने परत सुरू केला. टक ऐकलं आणि मलाच हायसं वाटलं. लाज वाटली मग.

शनिवार, १५

शेवटी मुलालाच फोन लावला. म्हटलं, बाबा रे, तू तरी खरं सांग, तुला माझी पोरगी हवी आहे का?

"काकू, मला ती..." म्हणाला. आणि थांबला.

त्याचा श्वास ऐकू येत होता. मी जीभ चावून धरली. मग हे लग्न ठरवतंय कोण?

दोघांनाही बजावलंय — उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे. हो म्हणा, नाही म्हणा, पण आपल्या तोंडाने. मी तोंड उघडणार नाही.