तुटलेलं टोक

बंगळूर, ११ मार्च

प्रिय किशन,

काल, दहा मार्चला, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी मी रचनाच्या प्रयोगशाळेत डबा घेऊन उभी होते. रक्ताची गुठळी ओढून काढणाऱ्या नळीची चाचणी चालली होती. नळीचं टोक तुटलं आणि काचेच्या नकली शिरेत, लाल पाण्यात फिरत राहिलं. डोळे मिटले की अजून फिरतं.

दुसरी नळी लावून तिथल्या लोकांनी ‘पास’ लिहिलं. सही तुझ्या भाचीची, रचनाचीच. म्हणाली, “आई, एकच तुटली गं.”

तू एक धागा तुटला तरी माग थांबवतोस.

मी बरी आहे. गुठळीमुळे आलेली पायाची सूज उतरली का? तेवीस तारखेला तुझ्या पायात कुठली नळी घालणार, ते डॉक्टरांकडून लिहून घे. तोवर ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर सही करू नकोस. आपल्या घरातली एक सही पुरे झाली.

वीस तारखेच्या आत मला लेखी उत्तर हवं. फोनवर तू नुसता ‘व्हय आक्का’ म्हणतोस.

तुझी,
आक्का