क्राइनला दहापैकी सहा

प्रिय धाकटी बहीण नेल हिस,

प्रभूमध्ये सलाम. आम्ही इकडे त्याच्या कृपेने उभे आहोत (माझा डावा गुडघा सोडून, तो मार्चपासून बसलेलाच बरा असतो). तुझं कमरेचं दुखणं आता कसं आहे? तुझ्या ब्रामना नव्या कवळीने चावता येतं का, की अजून ती रुमालात बांधून ठेवूनच जेवायला बसतात? तुझे मेहुणे मारिनस ठीक आहेत. कान गेलेत, पण फक्त माझ्यापुरते. शेजारी कुणी बाटलीचं बूच काढलं तर यांना इथे ऐकू येतं. गेल्या सहा वर्षांत तुला नाताळच्या कार्डापलीकडे काही लिहिलं नाही, त्याबद्दल मनात काही धरू नकोस. तू आपलं चर्च सोडून मिडलबर्गच्या त्या मोकळ्या चर्चमध्ये गेलीस तेव्हा मी जे बोलले ते बोलले. रागाने नव्हे, तत्त्वाने बोलले. (थोडं रागानेही.)

तर आमच्या पोराचं, क्राइनचं, घोडं अडलं आहे. तो उट्रेख्तला दुसऱ्या वर्षाला आहे हे तुला माहीत असेलच. पाण्याचं आणि बांधांचं शिकतो. म्हणजे आपले आजोबा फावड्याने करायचे तेच, पण पुस्तकातून. तो ज्या म्हाताऱ्या बाईंकडे राहतो त्यांनी घर विकलं आणि खोली रिकामी कर म्हणाल्या. आता उट्रेख्तमध्ये पोरांच्या घरात खोली हवी तर आधी घरातली सगळी पोरं मिळून उमेदवाराला बोलावतात, बिअर पाजतात, वाट्टेल ते प्रश्न विचारतात आणि मग मत देतात. क्राइन अशा अकरा घरी जाऊन आला. अकराही ठिकाणी त्याने बिअर नको म्हटलं आणि निघताना सगळ्यांचे ग्लास विसळून ठेवले. एकाही घराने घेतला नाही. (त्यांना वाटलं, तपासणीला माणूस आलाय.) आता एकच आशा उरली आहे: कॉलेजच्या वसतिगृहात नव्या पोरांसाठी एक 'थोरला भाऊ' नेमतात, त्याला खोली मिळते. ती जागा मिळाली नाही तर पोरगा घरी येणार, रोज अडीच तास जाणार नि अडीच तास येणार, आणि किती दिवस टिकणार? मारिनसनी शिंपल्यांच्या बोटीवरच्या आपल्या भावाला आत्ताच सांगून ठेवलंय. बोटीवर गेलेलं पोर परत पुस्तकाकडे येत नाही. मी मॅट्रिकला वर्गात पहिली आले होते, आणि सोमवारी कोळंबी सोलायला बसले, हे तुला सांगायला नको. शेजारच्या पाटावर तूच होतीस.

या जागेसाठी कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या बाई, डॉक्टर होगेनराड, उमेदवाराच्या मनाची वाढ कितपत झाली ते मोजतात. (उंची मोजायची तर आपण दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची खूण करतो. मनाला चौकट नसते म्हणून फॉर्म.) उमेदवाराला ओळखणाऱ्या दोन वडीलधाऱ्यांनी एकेक फॉर्म भरायचा. चोवीस चांगले गुण, प्रत्येकासमोर दहापैकी आकडा, आणि वाटलं तर शेजारी दोन शब्द. पहिला फॉर्म माझ्याकडे आला. बावीस वर्षं घरखर्चाची वही लिहिणाऱ्या बाईला आकड्यांची कसली भीती! प्रार्थना केली, टेबलावरचा गालिचा गुंडाळला आणि बसले. आता, तू आणि मी एकाच शाळेतल्या. दहा देवाचे, नऊ मास्तरांचे, आठ मेलेल्यांचे. सात मिळाले तर आई विचारायची, कुणाचं बघून लिहिलंस. म्हणजे जिवंत माणसाला सहा ही हद्द झाली, आणि पोटच्या पोराला सहा देणं म्हणजे तर वेशीवर उभं राहून ढोल बडवणं. तरी मी हात सैल सोडला. मेहनत, पाच. दयाळूपणा, पाच. उमेद, चार ('पाऊस नसेल तेव्हा'). विनोदबुद्धी, तीन ('ताब्यात आहे, चर्चमध्ये कधी आढळली नाही'). जिज्ञासा, दोन ('सातव्या वर्षी भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतं, त्यानंतर तक्रार नाही'). आत्मविश्वास, दोन ('बाराव्या वर्षी चारपर्यंत चढला होता, आम्ही मेहनतीने खाली आणला'). पुढारीपण, एक ('मागे मात्र नीट चालतो'). आणि प्रामाणिकपणापाशी आले तेव्हा, नेल, मी लिहूनच टाकलं: सहा.

लिहिलं खरं, पण आत कुठेतरी गर्व फुगायला लागला. गुरुवारी बायकांच्या विणकाम मंडळात मी सहज विषय काढला. तान्नेत्ये दे विसर (तीच, जिची जांभई बघून पाळकसाहेब उपदेश आवरता घेतात) सुई न थांबवता म्हणाली, "सहा? अगं याकोमिना, नगराध्यक्षांना कुणी सहा दिले नाहीत." त्यावर दुसरी म्हणाली, "असू दे गं, एकुलता एक आहे." तो 'असू दे' मला घर गाठेपर्यंत टोचत राहिला. आल्या आल्या सहा खोडले, पाच केले, आणि पाकीट (दवाखान्यातून आलेलंच, उलटं करून चिकटवलेलं) पेटीत टाकून आले.

नवव्या दिवशी डॉक्टर बाईंचा फोन. आवाज इतका मऊ की मला वाटलं कुणीतरी गेलं. घरी सगळं ठीक आहे ना, हे एकच त्यांनी चार प्रकारांनी विचारलं, आणि शनिवारी गाडीत बसून स्वतःच आल्या. मी कॉफी दिली, डबा उघडला, प्रत्येकी एक बिस्किट दिलं, डबा बंद केला. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. (फार शिकल्यावर माणसाला डब्याचं झाकणसुद्धा काही सांगायला लागतं.) मग त्यांनी मारिनसना विचारलं, "मुलाचा अभिमान वाटतो, असं तुम्ही त्याला शेवटचं कधी म्हणालात?" मारिनसनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "का हो? गेला का तो?" बाईंनी टिपलं. मग म्हणाल्या, या वयात मुलाने आईबापांना धक्का देऊन बाहेर पडायचं असतं आणि स्वतःला शोधायचं असतं. मी म्हटलं, "बाई, आमच्या गावात अडीच गल्ल्या. इथे कुणी हरवतच नाही, तर सापडणार कुठून?"

"बरं, कधी बंड केलं त्याने तुमच्याविरुद्ध?"

"केलं," मारिनस म्हणाले. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "अकराव्या वर्षी. रविवारी, प्रभूच्या दिवशी, सायकलवर बसला."

"आणि?"

"आणि काय? बसला. चालवली नाही."

मग बाईंनी बॅगेतून कागद काढला. अर्ज केलेल्या चाळीस पोरांत आपला क्राइन चाळिसावा. एकोणचाळिसाव्याने वसतिगृहाच्या पडद्याला आग लावली होती, पण त्याच्या आईने त्याला धाडसाला नऊ दिले होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मी त्यांना दहा देवाचे, नऊ मास्तरांचे, हे सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. त्यांचे वडील आपल्याच बाजूचे निघाले, झिरिकझेचे. "मी डॉक्टर झाल्याची तार केली," म्हणाल्या, "तर उत्तर आलं, इकडे पाऊस थांबला." आणि स्वतःहून दुसरं बिस्किट मागितलं. दिलं मी. (अर्धं त्यांनी मारिनसना दिलं. पंचवीस वर्षांत या घरात असं घडलं नव्हतं.) पण भरलेला फॉर्म बदलता येत नाही, हा नियम. आता जे काही व्हायचं ते दुसऱ्या फॉर्मवर. तो चांगला आला तर पोरगा वर चढेल, म्हणाल्या.

तोवर नियमाप्रमाणे क्राइनला मंगळवारच्या गटात घातलंय. तिथे मनाने खचलेली पोरं असतात. उशांवर गोल बसायचं, लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकायचा, आणि ज्याच्याकडे फेकला त्याच्याबद्दल काहीतरी चांगलं बोलायचं. शेवटी त्या लोकरीचं मोठं जाळं होतं आणि ते कात्रीने कापून टाकतात. कापून! चांगली लोकर! आपल्या पोराने पहिल्याच दिवशी कात्री काढून घेतली आणि बसला सोडवायला. एकेक करत बाकीचेही बसले, आणि एक मुलगी म्हणे महिन्यात पहिल्यांदा हसली. आता दर मंगळवारी ते नुसता गुंता सोडवतात. एकमेकांबद्दल चांगलं बोलायला वेळच उरत नाही, आणि पोरांना बरं वाटतं. हे मला त्याने नाही सांगितलं, बाईंनी सांगितलं.

त्याला मी फोनवर विचारलं, चिडलास का रे? "नाही गं," म्हणाला. "पण आई, बाईंनी मला तो फॉर्म दाखवला. प्रामाणिकपणाच्या पाचाखाली सहा दिसतायत. ते तूच लिहिले होतेस?" मी म्हटलं, शाई सांडली असेल. (मी खोटं बोलत नाही, म्हणून 'असेल' म्हटलं.) त्यावर त्याने "सहा, आई?" असं आणखी दोनदा विचारलं. आणि बाहेरगावचा फोन चालू!

दुसरा फॉर्म पाळकसाहेबांकडे दिला होता. त्यांनी तो कोराच परत केला. माणसात चांगलं शोधणं त्यांच्या कामात बसत नाही, म्हणाले, आणि पंधरा दिवसांत तर मुळीच व्हायचं नाही. असो. देवाच्या मनात असेल ते होईल, आपण काळजी करणारे कोण. इकडे बटाटे यंदा बरे आहेत. ब्रामना आमच्या दोघांचा सलाम सांग, आणि कमरेला गरम विटेचा शेक घे. रबरी पिशवीच्या नादी लागू नकोस.

तुझी थोरली बहीण,
याकोमिना

ता. क. देवाच्या मनात असेल ते होईलच, पण फॉर्म पुढच्या शुक्रवारच्या आत पोचायला हवा, म्हणून सोबत जोडला आहे. तू मावशी आहेस, वडीलधाऱ्यांत मोडतेस, आणि तुमच्या चर्चमध्ये म्हणे सरसकट सगळेच स्वर्गात जातात, तेव्हा आकड्यांत हात आखडायचं तुला काही कारण नाही. मी माझं पाप तुझ्या गळ्यात बांधते आहे असं समजू नकोस. तुमच्याकडे ते पापच नाही, तर ती सोय वाया का घालवायची? आठाच्या खाली उतरू नकोस. आत्मविश्वासाला सात पुरेत, थोडी लाज राहू दे. पाळकसाहेबांना यातलं अक्षर कळता कामा नये.

आणखी एक. फॉर्मच्या शेवटच्या पानावर उमेदवाराचे गुण दिसतील असे तीन प्रसंग मागितले आहेत. सहा वर्षांत तू त्याला धड पाहिलेला नाहीस (त्यात तुझी चूक नाही, हे इथे लिहून देते, पुन्हा विचारू नकोस), म्हणून मीच काही लिहून पाठवते आहे. तू आपल्या अक्षरात उतरव. एक पान पुरेल वाटलं होतं. पुरलं नाही, मागची बाजू घेतली, समासातही थोडं आहे. त्यातले तीन तू निवड, मला निवडता येईनात. मोज्यांचा मात्र घे. तान्नेत्येचा हात मोडला होता तेव्हा हा चौदा वर्षांचा पोरगा दोन महिने रोज शाळेआधी जाऊन तिच्या पायांत मोजे चढवत होता, आणि मला ते कळलं कधी? तिने मंडळात तक्रार केली तेव्हा, की याला टाच सरळ बसवता येत नाही.

शेवटचं. चौथा प्रसंग फॉर्मवर घेऊ नकोस. कालव्यावरचा बर्फ फुटला असताना पोटावर सरपटत जाऊन शेजाऱ्यांचं कुत्रं बाहेर काढलं, आणि घरी बाबांचा मार खाल्ला तरी बरोबर कोण होतं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही, तो. लिहिण्याच्या भरात लिहून गेले आणि मग लक्षात आलं की तो क्राइन नव्हे, तू. बरोबर मी होते. कागद परत पाठवायची गरज नाही.