खालच्या गावचा मका

१९ जुलै
तुरे आले आणि आले तसे वाळले. हात लावला की नुसता भुसा. कणसांना केस आत्ता फुटतायत – आता काय उपयोग? तुऱ्याची पूड केसांवर पडल्याशिवाय दाणा धरत नाही. फिलेमोन बांधावर टोपी काढून उभा, मयताला आल्यासारखा. म्हटलं, "घाला ती, ऊन लागेल." नवरा वाईट नाही. फक्त आईपुढे तोंड उघडत नाही.

इतक्या वर डोंगरात हे ऊन! लग्न होऊन आले तेव्हा जुलैत मी शाल गुंडाळून चुलीला चिकटून बसायचे. सासूबाई हसायच्या – "खालची ना, गारठणारच." तेव्हापासून मी 'खालची'. आता खालचं ऊन माझ्या मागोमाग वर आलंय. एखाद दिवशी तेही माझ्यावरच ढकलतील.

२७ जुलै
उघडीप संपत नाही. दरसाल लांबतच चाललीय.

३ ऑगस्ट
आईच्या मक्याची आज फार आठवण आली. बुटका, पिवळ्या दाण्याचा. इथल्यासारखा डोक्याच्या वर जात नाही, पण लवकर हाती येतो आणि उन्हाला भीक घालत नाही. त्याची भाकरी तव्यावर फुगली की काय वास सुटायचा! आई पहिली भाकरी मीठ चोळून, गुंडाळी करून माझ्या हातात द्यायची. इथे तसं कधी कोणी दिलं नाही. तेवढंच खावंसं वाटतंय. बाकी काही नको.

जेवताना हळूच म्हटलं, "पुढच्या साली माझ्या माहेरचं बी पेरून बघायचं का? एका कोपऱ्यात."

सासूबाईंनी तव्यावरून मान वळवली नाही. "खालची सून आणली तेवढं पुरे. बीपण खालचं? आमच्या मक्यात मिसळलं तर कणसं खुजी निघतील."

फिलेमोन आपला घेवडा चिवडत बसला.

आमच्याकडे लेकीला सासरी पाठवताना बियाण्याची कणसं जोडीने बांधून देतात. आईनेही दिली होती. सासूबाईंनी ती कोंबड्यांना घातली. मी विसरलेले नाही.

१० ऑगस्ट
आईला फोन केला. मका कसाय विचारलं तर – "आहे की. तू तुझं बघ." मग शेजारणीच्या गुडघ्याचं सांगत बसली. सांगू दे. मला नुसता आवाज ऐकायचा होता. ठेवल्यावर रडले.

१८ ऑक्टोबर
काढणी! कसली काढणी. सोललं की कुठे चार दाणे, कुठे नुसतं बुरखुंड. बियाणं निवडायचं काम सासूबाईंचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. सकाळपासून ढिगाशी बसल्या होत्या. उचलायचं, फिरवून बघायचं, खाली ठेवायचं. दरवर्षी चुलीवर कणसांच्या माळा टांगतात – धुरात राहिल्या की कीड लागत नाही. यंदा एकच माळ, तीही अर्धी. मला वाटलं होतं, बघून बरं वाटेल. नाही वाटलं.

२ नोव्हेंबर
पितरांचा दिवस. मेलेली माणसं आज घरी जेवायला येतात. त्यांना घरच्या शेतातल्या मक्याचंच वाढायचं असतं. घरचा पुरला नाही, म्हणून कणसाच्या सालीत पीठ भरून उकडायचे ते तमाल दुकानाच्या मक्याचे केले. सासूबाईंनी सासऱ्यांच्या फोटोपुढे झेंडू मांडले, ताट ठेवलं आणि चोरट्यासारखं म्हणाल्या, "विकतचा आहे. आज गोड मानून घ्या." नंतर कितीतरी वेळ तिथेच बसल्या.

मी भांडी घासत होते तर मागे येऊन उभ्या. "सेनाईदा." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलं!

"तुझ्या आईकडे बी असेल ना?"

"असेल की."

"जा, घेऊन ये. कोपऱ्यात नको. सगळ्याच शेतात पेरू."

माहेरी चाललेय! बी आणायला! झोप कसली येतेय.

४ नोव्हेंबर
पोचले. बसमधून उतरले तेव्हाच शेतं दिसली – तण आणि माती. म्हटलं, काढणी आटपली असेल.

आईने तव्यावरची भाकरी मीठ चोळून, गुंडाळून हातात दिली. पहिला घास घेतला आणि कळलं. विकतच्या पुडीतल्या पिठाची.

"बी कुठाय, आई?"

ती चुलीतली लाकडं नीट करत राहिली. "एक साल उन्हाने सगळं जळलं. दुसऱ्या साली पुन्हा पेरलं, तेही गेलं. टांगलेलं उरलं होतं, ते दळून खाल्लं."

"बियाणं खाल्लंस?"

"मग काय करू? भूक लागली होती."

"फोनवर बोलायचंस तरी."

"तुझा जीव इथे अडकलेला. इथे काही राहिलं नाही, हे तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

मी भाकरी तेवढी संपवली.

५ नोव्हेंबर
सासूबाईंना फोन केला. बी नाही म्हणून सांगितलं. खाल्लं, तेही सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "रिकाम्या हाताने येऊ नकोस. आईला घेऊन ये."